कोल्हापूरहून मनाली-लेह सायकलनं जायचंय, ९ दिवसांत जमंल काय?

पन्हाळा_पेडल (फुलेवाडी)

रामराम मंडळी. मी कोल्हापूरचाच, वय ३१, एमआयडीसीत मशीन शॉपला शिफ्ट ड्युटी. साडेतीन वर्षं झाली सायकल चालवतोय, आठवड्यातनं दोनदा जोतिबा नाहीतर पन्हाळा ठरलेला, आणि मागच्या डिसेंबरात आंबोलीमार्गे गोवा दोन दिवसांत करून आलो एकट्यानं. तेव्हापासनं डोक्यात मनाली-लेह बसलंय. रात्रपाळीत मशीन चालू असताना पण मी मनातल्या मनात त्या रस्त्यावरची बारालाचा खिंड चढत असतो, इतकं झालंय.

रजा मिळणार १४ दिवस, ऑगस्टच्या शेवटी. जायला यायला ५ गेले की हातात ९ उरतात. कागदावर असं मांडलंय: पहिल्या दिवशी मनालीतनं अटल बोगद्यातनं थेट केलाँग, ७० किमी. दुसऱ्या दिवशी केलाँग ते सरचू, १०५ च्या आसपास. तिसऱ्या दिवशी पांग, ८०. चौथ्या दिवशी टांगलांग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून रुमत्से, पाचव्या दिवशी लेह. मग दोन दिवस आराम आणि खारदुंग ला, आणि दोन दिवस हाताशी जादा. रोजचे किलोमीटर बघितले तर गोव्याला मारले तेवढेच किंवा कमीच आहेत म्हणून वाटतंय होईल.

सायकल हायब्रिड आहे, ७०० × ३८ टायर, पुढं २८-३८-४८ दात्यांच्या प्लेटा, मागं आठ स्पीड ११-३२, डिस्क ब्रेक. विचारायचं असं की गिअर पुरतील का, तंबू न्यायचा की ढाब्यावर भागतं, आणि मुख्य म्हणजे ते उंचीचं काय करायचं, कारण आई म्हणतेय तिथं हवाच नाही तर पोरगं श्वास कुठला घेणार. तिला काय सांगू ते पण सांगा. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगितलं तर बरं होईल.

घाटवाट (इचलकरंजी)

भावा, आधी मनापासनं शाबासकी. नुसतं स्वप्न बघणारे लई भेटतात, कागद घेऊन बसणारे कमी. पण आता तो कागद बाजूला ठेव आणि नवीन घे, आणि त्यावर किलोमीटर लिहूच नकोस. रोज रात्री किती मीटरवर झोपणार एवढा एकच आकडा लिही.

आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, पन्हाळ्याचा माथा धरला तरी हजाराच्या आत. केलाँग ३,०८० आणि सरचू ४,२९०. म्हणजे तुझ्या कागदावर तू एका दिवसात बाराशे मीटर वर जाऊन झोपतोयस, आणि ते पण घरातनं निघून आठवडा व्हायच्या आत. तीन हजार मीटरच्या वर रोज झोपायची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबायचं, हा सगळीकडं मानलेला नियम आहे. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली ये.

आईला सांग, हवा आहे तिथं, पण पाणी घातलेल्या दुधासारखी आहे. ऑक्सिजन तिथं पण २१ टक्केच असतो, पण दाब कमी असल्यामुळं एका श्वासात कमी आत जातो, टांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे तिथं इथल्या निम्म्याच्या जरा वर एवढाच. शरीर त्याची सवय करून घेतं पण त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस दम असलेल्या माणसाला पण तेवढेच लागतात. उलट दम असलेला माणूस जोरात वर जातो आणि तोच आधी पडतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१३ ला आम्ही दोघं गेलो होतो, मी आणि माझा बालमित्र, दोघंही तुझ्यासारखेच घाट मारणारे. जिस्पावरनं एका दिवसात सरचू गाठलं. बारालाचा ला (४,८९० मीटर) वर फोटो काढताना काही वाटलं नाही, नुसता आनंद. संध्याकाळी सरचूला तंबूच्या ढाब्यात राजमा-भात समोर आला आणि दोघांनाही घास जाईना. मला वाटलं थकवा असंल. रात्री डोकं असं ठणकायला लागलं की उशी नको वाटाय लागली. पहाटे तीनच्या सुमाराला मित्र लघवीला उठला, बॅटरी माझ्या हातात होती, आणि मी बघतोय तर तो तंबूच्या दारातनं सरळ जायचं सोडून वाकडा चाललाय, पाय टाकतोय एकीकडं आणि अंग जातंय दुसरीकडं. हाक मारली तर ओ द्यायला पण त्याला वेळ लागला.

आता बघ सरचूची अडचण काय आहे. आजारी माणसाला खाली न्यायचं हे एकच खरं औषध, पण सरचूतनं खाली जायचं म्हणजे आधी वर चढायला लागतं. मागं बारालाचा, पुढं लाचुलुंग ला ५,०६५ चा. दोन्ही बाजूनं खिंड आणि मधी तुम्ही. ढाबेवाल्यानं एका ट्रकवाल्याला उठवलं, त्या माणसानं काही न विचारता गाडी काढली, सायकली मागं टाकल्या आणि रात्रीच बारालाचा परत ओलांडून आम्हाला जिस्पाला आणलं. जसजसं खाली आलो तसतसा मित्र माझ्या डोळ्यांदेखत माणसात आला. सकाळी नऊला त्यानं स्वतःहून चहा मागितला तेव्हा मी रस्त्यावर बसून रडलोय. ते वर्ष तिथंच संपलं आमचं.

२०२२ ला परत गेलो तेव्हा असं केलं. मनालीत (२,०५० मीटर) एक दिवस थांबलो, पण बसून नाही, रिकामी सायकल कोठीपर्यंत मारून आलो. मग मढी, ३,३०० च्या आसपास. दुसऱ्या दिवशी रोहतांग ३,९७८ ओलांडून सिस्सूला ३,१०० वर झोपलो, म्हणजे चढलो वर आणि झोपलो खाली. बोगद्यानं ४६ किमी वाचतात हे खरं, पण ते वाचवायचे कशाला, रोहतांगच तर शरीराला पहिला धडा देतो. तिसऱ्या दिवशी तांदीवरनं जिस्पा ३,२००, चंद्रा आणि भागा मिळतात तिथं तांदीला पुलावर अर्धा तास बसलो. चौथा दिवस जिस्पातच. पाचव्याला पत्सेओ ३,८००, सहाव्याला झिंगझिंगबार ४,२७०. हे दोन्ही दिवस एवढे छोटे आहेत की दुपारी बारा वाजताच मुक्कामाला पोचतोस आणि हात शिवशिवतात पुढं जायला. जायचं नाही. सातव्या दिवशी बारालाचा करून सरचू, आता सरचू झिंगझिंगबारच्याच उंचीवर आहे म्हणजे शरीराला काही नवीन नाही. आठव्याला फक्त २४-२५ किमी, गाटा लूपच्या पायथ्याला नदीकाठी तंबू, ४,२०० च्या आत. नवव्याला गाटा लूपची २१ वळणं, नकी ला, लाचुलुंग ला आणि खाली पांग ४,६००. हा सगळ्यात अवघड दिवस, पहाटे पाचला निघालो ते संध्याकाळी पोचलो. दहाव्याला मोरे मैदानातनं डेबरिंग, अकराव्याला टांगलांग ला करून रुमत्से, बाराव्याला उपशीला सिंधू नदी लागते आणि तिच्या काठाकाठानं लेह.

१२ दिवस सायकल, एक मनालीत, आणि जादाचा एक तरी हवाच. तुझ्या ९ मध्ये हे बसत नाही, स्पष्ट सांगतो. रजा वाढव नाहीतर रस्ता बदल.

उद्यमनगर_मिस्त्री

घाटवाट आण्णांनी शरीराचं सांगितलं, मी सायकलचं सांगतो. माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, टूरिंगच्या चार-पाच सायकली तयार करून दिल्यात आणि स्वतः स्पिती केलंय.

तुझा सगळ्यात हलका गिअर पुढं २८ मागं ३२. चाकाचा घेर धर २.२ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला सायकल १.९ मीटर पुढं जाणार. मिनिटाला ६० फेरे मारलेस तर ताशी जवळपास ७ किमी. आता पाच हजार मीटरवर सामानासकट तू ताशी सात नाही जाऊ शकणार, पाचच्या आसपास जाशील, म्हणजे तुला मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेरे जोर लावून मारायला लागणार आणि तिथंच गुडघे जातात. पुढं २४ आणि मागं ३४ केलंस तर एका फेऱ्याला दीड मीटर, साठ फेऱ्यांना साडेपाच किमी. पाय हलका फिरतो, दम टिकतो. चढ म्हणशील तर तिथला चढ आपल्या घाटांपेक्षा सौम्य आहे, ट्रकसाठी केलेला रस्ता, मनाली ते रोहतांग ५१ किमीत १,९०० मीटर म्हणजे सरासरी चार टक्क्यांच्या आत. पण तो संपत नाही, हा मुद्दा आहे.

मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, ११-३४ ची आठ स्पीडमध्ये सहज मिळते. पुढच्या प्लेटा बोल्टच्या आहेत का रिव्हेटच्या ते बघ. रिव्हेटच्या असतील तर नुसती प्लेट बदलत नाही, आख्खा ४२-३४-२४ चा एमटीबी क्रँक घाल आणि पुढचा डिरेलर (चेन एका प्लेटवरनं दुसरीवर सरकवतो तो) खाली घेऊन सेट करून घे. ४८ ची प्लेट तिथं तुला कुठंच लागणार नाही.

टायर ३८ चा चालंल पण फ्रेममध्ये बसत असेल तर ४२ घाल, नाल्यांच्या जागी रस्ता नसतोच, गोटे असतात. मागचं चाक हातानं ताण बघून ट्रू करून घे, सामानाचा भार मागच्याच चाकावर येतो आणि स्पोक तुटतात ते पण कॅसेटच्या बाजूचेच, म्हणून तीन जादा स्पोक त्याच मापाचे घेऊन फ्रेमला टेपनं चिकटवून ठेव आणि कॅसेट काढायचा टूल घे. डिरेलर हँगर, म्हणजे मागचा डिरेलर ज्यावर बसतो ती पट्टी, तुझ्याच मॉडेलचा एक जादा, हा विसरू नकोस, माझा दिल्लीच्या पुढं बसच्या डिकीतच वाकला होता आणि मनालीत त्या मापाचा कुणाकडंच नव्हता, शेवटी एका वेल्डरकडं व्हाइसमध्ये धरून सरळ केला. ब्रेक पॅडचे दोन जोड, चेनचे दोन क्विक लिंक, गिअर केबल, ट्यूब तीन. तुझे डिस्क केबलचे असतील तर उत्तम, हायड्रॉलिक असतील तर ते रस्त्यात दुरुस्त होत नाहीत एवढं लक्षात ठेव.

कॅरिअर अॅल्युमिनियमचा घेऊ नको, लोखंडी कर. तुटला तर वाटेत कुठला पण वेल्डर जोडून देतो. वर्कशॉपला ये, पाइप मी देतो, मजुरी नको.

सिस्टर_सायकलवर (राजारामपुरी)

मी नर्स आहे, आयसीयूला ड्युटी असते, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघी मैत्रिणी श्रीनगर ते लेह सायकलवर गेलो होतो. घाटवाट काकांनी त्यांच्या मित्राचं सांगितलं ते वाचून अंगावर काटा आला कारण वाकडं चालणं म्हणजे मेंदूला सूज यायला लागल्याची खूण असते, तेव्हा ते सकाळची वाट बघत बसले असते तर काय झालं असतं सांगता येत नाही.

तुझ्यासाठी दादा, तीन गोष्टी पाठ कर. एक, डोकं दुखणं आणि त्याच्याबरोबर मळमळ, भूक जाणं, चक्कर, अंग गळून जाणं, यातलं काही असेल तर ती उंचीच लागलीय असंच धरायचं, दुसरं कारण शोधत बसायचं नाही. त्या दिवशी पुढं जायचं नाही. तिथंच थांबून उतरलं तर ठीक, वाढलं तर खाली. दोन, बसून असताना सुद्धा धाप लागतेय, खोकला येतोय, छातीत घरघर किंवा फेस, ओठ नखं निळसर, हे फुफ्फुसात पाणी झाल्याचं लक्षण. तीन, सरळ रेषेत एकापुढं एक पाऊल टाकून चालता येत नाही किंवा बोलणं असंबद्ध. दोन आणि तीनला रात्र असो दिवस असो, लगेच खाली, मिळेल त्या गाडीनं, आणि ऑक्सिजन मिळाला तर लावून. सायकल तिथंच सोडून जायची तयारी ठेव. आणि हे तुला स्वतःला कळणार नाही, म्हणून एकटा जाऊ नकोस असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. एकटाच जाणार असशील तर रोज संध्याकाळी ढाब्यावर जे कोण सायकलवाले भेटतील त्यांना सांगून ठेव की सकाळी मला हाक मारा.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नेलंस तरी थंड बोटाला ते काहीही दाखवतं. आकड्यापेक्षा माणूस कसा बोलतोय, खातोय, चालतोय ते बघ. डायमॉक्स गोळीबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते, त्यानं शरीराला उंचीची सवय लवकर व्हायला मदत होते, साधारण १२५ मिलीग्राम दिवसातनं दोनदा देतात, पण सल्फाची अॅलर्जी असेल तर चालत नाही, बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वारंवार होते. डॉक्टरला दाखवून, इथं घरी दोन दिवस घेऊन बघून मगच ने. आणि गोळी घेतली म्हणून एका दिवसात बाराशे मीटर चढायची परवानगी मिळत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू तिथं अजिबात नको.

आता रजा १४ च दिवस असेल तर श्रीनगर-लेहचा विचार कर ना. सव्वाचारशे किमीच्या आसपास आहे, झोजी ला ३,५२८, मग द्रास, मग कारगिल २,६७६ म्हणजे परत खाली झोपायला मिळतं, पुढं नमिका ला ३,७०० आणि फोटू ला ४,१०८, तोच त्या रस्त्याचा सगळ्यात उंच बिंदू. वाटेत गावं आहेत, घरं आहेत, मुलबेखला रस्त्याच्या कडेला कातळात कोरलेला एवढा उंच मैत्रेय बुद्ध आहे, लामायुरूला आम्ही दोन रात्री राहिलो. आम्हाला एका घरातल्या आजीनं जर्दाळू दिले पिशवी भरून, पैसे घेईना, मग माझ्या मैत्रिणीनं तिच्या अंगणातलं गवत कापून दिलं. आठ दिवसांत आरामात लेह. तिथं दोन दिवस थांबून ३९ किमीवरचा खारदुंग ला रिकाम्या सायकलनं. मनाली रस्ता पुढच्या वर्षी कर, शरीर काय असतं ते ओळखीचं झाल्यावर.

स्पीड_सांगली

एवढं घाबरवू नका हो पोराला. मी मनाली-लेह ७ दिवसांत केलंय, सरचूला झोपलो, जरा डोकं दुखलं, एक गोळी घेतली, सकाळी निघालो. पन्हाळा आठवड्यातनं दोनदा मारणारा गडी आहे तो, होणार त्याला. आणि तंबू कशाला? पाच-सहा किलो वाढतं. प्रत्येक मुक्कामाला पॅराशूटच्या कापडाच्या तंबूतले ढाबे आहेत, गाद्या रजया देतात, मॅगी, डाळभात, थुक्पा सगळं मिळतं.

घाटवाट (इचलकरंजी)

स्पीड, तुझं झालं याचा खरंच आनंद आहे. पण तुला लागली नाही म्हणून त्याला लागणार नाही असं होत नाही, त्याच माणसाला एका वर्षी लागत नाही आणि दुसऱ्या वर्षी लागते. आम्ही दोघांनी एकच रस्ता एकाच वेगानं केला होता, मला डोकेदुखीवर भागलं आणि त्याचा मेंदू सुजला.

तंबूचं म्हणशील तर ढाब्यांवर भागतं हे बरोबर आहे, आम्ही पण निम्म्या रात्री ढाब्यातच काढल्या. पण तंबू असला की मुक्काम तुझ्या शरीराच्या सोयीनं पडतो. गाटा लूपच्या पायथ्याचा मुक्काम नसेल तर सरचू ते पांग एका दिवसात ८० किमी आणि दोन खिंडी. दीड-दोन किलोचा तंबू आणि उणे पाचला चालणारी स्लीपिंग बॅग, एवढंच. सप्टेंबरमध्ये बाटलीतलं पाणी गोठतं, बाटली उलटी उभी करून ठेवायची म्हणजे बर्फ बुडाकडं धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

अजून रस्त्यातलं. नाले सकाळी ओलांडायचे. रात्री बर्फ वितळत नाही म्हणून पहाटे पाणी घोट्याएवढं असतं आणि तेच दुपारी तीनला गुडघ्याच्या वर येतं, ट्रक अडकतात. वारा पण तसाच, मोरे मैदान ४,७०० मीटरवर सपाट, चाळीसेक किमी, डांबर गुळगुळीत, सकाळी स्वर्ग आहे आणि दुपारनंतर समोरनं असा वारा येतो की सपाटीवर पण सगळ्यात हलका गिअर. म्हणून रोज पहाटे निघायचं आणि दोनच्या आत मुक्काम. जिस्पाच्या पुढं दारचा गावाला पोलीस चौकीत नाव लिहिलं जातं, त्याच्या पुढं मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरायचा नाही, आणि लडाखमध्ये आपल्याकडचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड करून घे. घरी सांगून ठेव की चार-पाच दिवस फोन नाही आला तर काळजी करायची नाही.

आणि वाटेत रस्त्यावर काम करणारी माणसं भेटतील, झारखंडकडची लई, तोंडाला फडकं बांधून त्या थंडीत डांबर उकळत असतात. थांब त्यांच्यापाशी. लाचुलुंगच्या चढाला मला चक्क ओढून त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन काळा चहा पाजला होता. त्यांच्याच हातानं तो रस्ता दरवर्षी परत उभा राहतो. मी खिशातला गुळाचा खडा दिला, कुठला म्हणाले, कोल्हापूरचा म्हटलं.

भडंग_आणि_भटकंती (जयसिंगपूर)

खाण्यावरनं आठवलं म्हणून लिहितो. वर गेल्यावर गोड नको होतं, चॉकलेट, एनर्जी बार सगळं तोंडात फिरतं. आम्ही दोन किलो भडंग आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, पांगला कुणालाच जेवण जात नव्हतं तेव्हा भातात चटणी आणि वरनं भडंग, चौघांनी पातेलं पुसून खाल्लं. तिखट खारट जातं तिथं. मेतकूट पण ने, गरम भात कुठल्याही ढाब्यावर मिळतो. पाण्याला प्रमाण ठेव, चार-पाच लिटर प्यायचं पण नुसतं नाही, मीठ-साखर घालून. ओठाला आणि नाकाला मलम दिवसातनं चार वेळा, नाहीतर फुटतात आणि मग तिखट पण खाता येत नाही.

पन्हाळा_पेडल (फुलेवाडी)

मंडळी काय बोलू, सगळं दोनदा वाचलं, आईला वाचून दाखवलं. दुधाचं तिला लगेच पटलं. घाटवाट काकांच्या मित्राचं ऐकून ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, जायचंच असंल तर त्या काकांच्या कागदाप्रमाणं जा.

काल सुपरवायझरशी बोललो. दिवाळीत मी ड्युटी करतो, त्या बदल्यात ५ दिवस आत्ता द्या. झालं, १९ दिवस मंजूर. ताई, श्रीनगरचा रस्ता खरंच मनात भरला, पण बारालाचा इतकी वर्षं डोक्यात आहे की आता दिवस मिळालेत तर तोच करावा वाटतोय. तुम्ही एकटा जाऊ नको म्हणालात ते ऐकलं, मिरजेचा एक मित्र तयार झालाय, तो माझ्यापेक्षा हळू चालवतो, आता ते बरंच वाटायला लागलंय.

कागद असा: जायला ३, मनालीत १, सायकल १२, जादा १, लेहवरनं विमानानं परतीला २. खारदुंग ला काढून टाकला. जादाचा दिवस कुठं वापरायचा ते आधी ठरवायचं का? आणि दिल्लीपर्यंत सायकल कशी न्यायची, निजामुद्दीनची गाडी आठवड्यातनं एकदाच आहे.

उद्यमनगर_मिस्त्री

सायकल दुकानातनं रिकामा बॉक्स माग, कुणी पण देतंय. पुढचं चाक, पायडल, हँडल काढायचं, मागचा डिरेलर हँगरवरनं सोडवून फ्रेमच्या आत बांधायचा, आणि पुढच्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा ठोकळा घालायचा म्हणजे दाब आला तर वाकत नाही. पार्सल ऑफिसला आदल्या दिवशी जाऊन बुक कर, तुझ्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनला चढतंय का ते उभं राहून बघ. शनिवारी वर्कशॉपला ये, कॅरिअर मापानं करू आणि बॉक्स भरायचं एकदा हातानं करून बघू.

घाटवाट (इचलकरंजी)

आईंना माझा नमस्कार सांग. जादाचा दिवस आधी ठरवू नको, पण सरचूच्या अलीकडं वापरलास तर जास्त कामाचा. जिस्पात किंवा झिंगझिंगबारला थोडं जरी डोकं जड वाटलं तर तिथंच खर्च करून टाक. आणि तो वापरून झाल्यावर परत अडलं तर पांगवरनं सायकली ट्रकमध्ये टाकून लेहला जायचं, हे आजच मित्राशी बोलून ठेव, तिथं वर वाद घालायला डोकं चालत नाही.

सिस्टर_सायकलवर (राजारामपुरी)

छान झालं, जोडीदार मिळाला हे सगळ्यात छान. हळू चालवणाऱ्याला पुढं ठेव आणि तू त्याच्या मागं.

सराव आता सामानासकट करायचा. पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्यांत) पंधरा किलो तांदळाच्या पिशव्या भर. पुढच्या रविवारी आम्ही चौघं गगनबावड्याला चाललोय, करूळ किंवा भुईबावडा, जो घाट चालू असेल तो उतरून परत चढायचा आणि संध्याकाळी घरी. पाऊस असणारच, चेनला तेल लावून ये. पहाटे साडेपाचला रंकाळ्याच्या टॉवरपाशी, मिरजेच्या मित्राला पण घेऊन ये, रात्री त्याची राहायची सोय माझ्या भावाकडं होईल.

पन्हाळा_पेडल (फुलेवाडी)

येतोय ताई. दोघंही येतोय. तांदूळ आईनं आत्ताच मोजून ठेवलेत.